घड्याळ बदला, पण नाडीची नोंद तुटू देऊ नका: बँगल.जेएस 2 आणि गॅजेटब्रिज

आधी निकाल सांगते. तुम्हाला रोजची पावलं, नाडी आणि झोपेचा अंदाज एवढंच हवं असेल, फोन ॲण्ड्रॉइड असेल, आणि ही माहिती कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर न जाता आपल्याच फोनमध्ये राहावी असं मनापासून वाटत असेल, तर बँगल.जेएस 2 हे घड्याळ आणि त्यातली माहिती फोनमध्ये घेणारं गॅजेटब्रिज हे ॲप ही जोडी घ्या. मी वापरते आहे आणि समाधानी आहे. फक्त जुना पट्टा, म्हणजे जुना फिटनेस बँड, हातातून काढण्याआधी दोन कामं करा. जुनी सगळी माहिती बाहेर काढून ती नीट उघडते का ते बघा, आणि नवा-जुना असे दोन्ही पट्टे काही आठवडे सोबत घाला. घड्याळाची तारीफ करणारे पुष्कळ भेटतात, या दोन कामांबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

मी नागपुरात धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्याकडे रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात किंवा तो ज्याला पाठवेल त्याच्या हातात जातो. शेजारी विचारायला आला, सासूबाई विचारायला आल्या, तरी काउंटरवरून कोणाची शुगर किती निघाली हे सांगायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलं जातं. मनगटावरचा पट्टा हाही एक रिपोर्टच आहे. रात्री किती वाजता झोप मोडते, जिना चढताना ठोके कुठे जातात, पाळी कधी येते, रोज पहाटे कुठल्या रस्त्याने फिरायला जाता, हे सगळं त्यात आहे. रक्ताच्या रिपोर्टला जो नियम, तोच याला का नसावा?

माझ्यासाठी ही नोंद शोभेची नाही. काही वर्षांपूर्वी माझी विसाव्याची नाडी, म्हणजे शांत असतानाचे ठोके, हळूहळू चढत गेली होती. एका दिवसाचा आकडा बघून काही कळलं नसतं, पण महिन्यांचा आलेख समोर ठेवला तेव्हा चढ स्पष्ट दिसला. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी केली, तर आकडा खाली गेलेला. म्हणजे थायरॉइड जास्त काम करत होतं. गोळ्या सुरू झाल्यावर नाडी परत कशी खाली आली, तेही त्याच आलेखात आहे. डॉक्टर अजूनही दर वेळी तो कागद मागतात. त्यामुळे नवीन घड्याळ घ्यायचं म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. मागच्या नोंदींचं काय, हा होता.

जुना पट्टा फिटबिटचा. तो चांगला चालत होता. पण ही कंपनी विकत घेण्याची घोषणा गुगलने 2019 मध्ये केली, जानेवारी 2021 मध्ये व्यवहार पूर्ण झाला, आणि पुढे जुनी खाती गुगल खात्यात हलवायची असं ठरलं. फिटबिटची आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी वापरणार नाही, असं गुगलने सांगितलेलं आहे. युरोपच्या नियामकांनी मंजुरी देताना तर याचं दहा वर्षांचं बंधनच घातलं, पण ते तिकडच्या वापरकर्त्यांपुरतं. इथल्या माणसाच्या हातात कंपनीचा शब्द आहे. तो शब्द खोटा आहे असं मी म्हणत नाही. माझा मेल, माझा शोध, माझे नकाशे ज्या खात्यात आहेत, त्याच खात्यात माझ्या हृदयाचे ठोके नकोत, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्यातच आमच्या लॅबमध्ये एक विमा एजंट आला. रोज ठरावीक पावलं चाला, तुमच्या पट्ट्याचं ॲप आमच्या ॲपला जोडा, नूतनीकरणाच्या वेळी हप्त्यात सूट मिळेल, अशी योजना होती. आमच्यातल्या दोघींनी तिथल्या तिथे जोडून टाकलं. मी विचारलं, "एखाद्या वर्षी गुडघा दुखला, पावलं कमी झाली, तर ती माहितीही तुमच्याकडेच राहणार ना?" तो म्हणाला, "त्याचं काही टेन्शन नका घेऊ ताई." टेन्शन का घेऊ नये, याचं कारण मात्र त्याला सांगता आलं नाही. त्याच आठवड्यात मी शोध सुरू केला.

आता माहिती बाहेर काढण्याबद्दल. फिटबिटची माहिती गुगल टेकआउटमधून, म्हणजे आपली माहिती उतरवून घ्यायच्या गुगलच्या सोयीतून, मिळते. मागणी नोंदवली की काही वेळाने डाउनलोडची लिंक येते, झिप फाइल उतरते, आत जेसन आणि सीएसव्ही या प्रकारच्या ढीगभर आकड्यांच्या फाइली. पावलांच्या वेगळ्या, ठोक्यांच्या वेगळ्या, झोपेच्या वेगळ्या, विसाव्याच्या नाडीच्या वेगळ्या. फाइली उतरल्या म्हणजे काम झालं असं समजू नका. उघडा आणि ज्या दिवशी काय केलं ते तुम्हाला पक्कं आठवतं, असा एखादा दिवस शोधा.

मी मे महिन्यातला एक दिवस घेतला. नागपुरात मे म्हणजे सहा वाजताच ऊन टोचायला लागतं, त्यामुळे आम्ही पाचच्या आतच रामनगरहून अंबाझरीच्या दिशेने निघतो. फाइलमध्ये बघितलं तर तो फेरफटका अर्धा आदल्या तारखेत आणि अर्धा त्या दिवसाच्या तारखेत. कारण असं, की या फाइलींत पावलांची आणि ठोक्यांची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजतात तेव्हा फाइलमध्ये मध्यरात्र होऊन तारीख बदलते. 21 मेला पहाटे 5 वाजून 5 मिनिटांनी टाकलेलं पाऊल तिथे 20 मेच्या 23:35 ला दिसतं. शिवाय तारीख लिहिताना महिना आधी, दिवस नंतर. झोपेच्या नोंदी मात्र स्थानिक वेळेत. तिन्ही गोष्टी लक्षात न घेता सगळं एका तक्त्यात ओतलं, तर पहाटे फिरणाऱ्या माणसाचा प्रत्येक दिवस चुकतो. माझ्या मुलाने स्प्रेडशीटमध्ये वेळेच्या रकान्यात साडेपाच तास मिळवणारं सूत्र लावलं, मग तारखा जागेवर आल्या. मूळ झिपला हात लावला नाही. तिची एक प्रत पासवर्ड घालून पेनड्राइव्हवर, एक लॅपटॉपवर.

आयफोनवाल्यांचं काम सोपं आहे. हेल्थ ॲपमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारली की सगळी माहिती निर्यात करायचा पर्याय मिळतो, एक्सएमएल फाइल असलेली झिप तयार होते. गार्मिनचंही खात्याच्या पानावरून सगळं मागवता येतं.

हे स्वतःच करून ठेवायला हवं, कारण कायद्याचा आधार तोकडा आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात माहिती दुरुस्त करायचा आणि पुसून टाकायचा हक्क आहे. पण एका कंपनीकडची माहिती वापरता येईल अशा रूपात घेऊन दुसरीकडे नेण्याचा हक्क नाही. 2019 च्या मसुद्यात तो होता, पुढे गळला. युरोपात तो आहे. आपल्याकडे कंपनीने निर्यातीचं बटण ठेवलं आहे तोवर ते दाबून घ्यावं.

मग ते दोन पट्टे. लॅबमध्ये नवीन ॲनालायझर आलं की जुनं लगेच बंद करत नाहीत. तेच सॅम्पल दोन्ही मशीनवर चालवतात. नव्या मशीनचे आकडे थोडे वर किंवा खाली येत असतील, तर ते आधी कळलं पाहिजे. नाहीतर रुग्णाचं क्रिएटिनिन मशीन बदलल्यामुळे वाढलं की किडनीमुळे, हे डॉक्टरला कसं कळणार? मनगटावरच्या पट्ट्याला हेच लागू आहे. म्हणून काही आठवडे डाव्या हातात जुना आणि उजव्या हातात नवा. लोक विचारायचे, मी कारण सांगायची. मधूनमधून बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून तिसरा आकडाही लिहायची.

यातून जे कळलं ते असं. शांत बसलेलं असताना नाडी दोन्हींकडे जवळपास सारखी. भराभर चालताना बँगलचा आकडा मधेच भरकटतो, तो मी धरत नाही. पावलं नवं घड्याळ थोडी कमी मोजतं. हातात भाजीची पिशवी असली, हात हलत नसला, तर आणखी कमी. आणि 'विसाव्याची नाडी' म्हणून फिटबिट जो आकडा देतं, तो कंपनीच्या स्वतःच्या हिशेबाने काढलेला असतो, तो हिशेब नव्या घड्याळात नाही. त्यामुळे जुन्या आणि नव्या, दोन्हींच्या मूळ नोंदींवर मी एकच हिशेब लावला: रात्री दोन ते चार या वेळातली सगळ्यांत खालची स्थिर नाडी. आता माझा आलेख जुन्या वर्षांपासून आजपर्यंत एका मापाने चालतो. घड्याळ बदललं त्या तारखेला एक उभी रेघ आहे, बाजूला लिहिलं आहे 'यंत्र बदललं'. डॉक्टरांनी ती रेघ बघून मान डोलावली, त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आता घड्याळाकडे येते. बँगल.जेएस 2 इंग्लंडमधल्या एस्प्रुइनो या छोट्या उद्योगाने काढलं, 2021 मध्ये, लोकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन. माझ्या भाच्याने तिकडून येताना आणलं. सीताबर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत विचारलं तर नाव कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे दुकानात हाताळून बघायला मिळेल अशी आशा धरू नका. चौकोनी, प्लास्टिकचं, बाजूला एकच बटण. दिसायला साधं आहे. लग्नात मिरवायचं असेल तर दुसरं बघा.

पण याचा पडदा नागपूरकरांसाठीच केला आहे असं वाटावं इतका उन्हात छान दिसतो. 1.3 इंचाचा, 176 बाय 176 ठिपक्यांचा, आणि कायम सुरू असणारा. चकचकीत पट्ट्यांना उन्हात हाताची ओंजळ करून सावली द्यावी लागते. इथे उलटं. ऊन जितकं कडक, तितके आकडे ठळक, कारण पडदा बाहेरचाच प्रकाश परत फेकतो. नवतपाच्या दुपारी व्हरायटी चौकात सिग्नलवर उभी असताना स्कार्फ, गॉगल सगळं बांधलेलं असूनही वेळ एका नजरेत दिसते. अंधारात मात्र मागचा दिवा लावावा लागतो. रंग मोजकेच आहेत, फोटोबिटो सुंदर दिसणार नाहीत.

सोबत आलेल्या रबरी पट्ट्याखाली उन्हाळ्यात घामोळं येतं. हा दोष कुठल्याही रबरी पट्ट्याचा. इथे साधा 20 मिलिमीटरचा पट्टा बसतो, तो बर्डीवर कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. मी कापडी लावला. पाण्याचं म्हणाल तर हात धुणं, पावसाची सर इथपर्यंत ठीक. पोहायला आणि आंघोळीला काढून ठेवायचं.

बॅटरी कंपनी चार आठवडे सांगते. ठोके दर दहा मिनिटांनी मोजायला लावले की तेवढी टिकत नाही, तरी रोजरोज चार्जर शोधावा लागत नाही. जीपीएस सतत सुरू ठेवलं तर मात्र बॅटरी भराभर उतरते. जीपीएस पहिल्यांदा जागा पकडायला वेळ घेतं, उघड्या आकाशाखाली उभं राहावं लागतं.

जीपीएसबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात घ्यावी. 2018 च्या सुरुवातीला स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपच्या जागतिक नकाशावरून परदेशातल्या लष्करी तळांच्या आतल्या धावण्याच्या वाटा उघड्या पडल्या होत्या. सैनिक व्यायाम करत होते, ॲप रेघा ओढत होतं. आपल्याकडे फुटाळ्याच्या वर वायुसेनानगर आहे, वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय याच शहरात आहे. तिथली किती कुटुंबं पहाटे घड्याळ बांधून फिरायला निघत असतील. आणि लष्कराचंच कशाला, एकटीने फिरणाऱ्या कुठल्याही बाईचा रोजचा रस्ता आणि रोजची वेळ ही जपायचीच गोष्ट आहे. माझ्या घड्याळातली वाट घड्याळातच राहते, हवी तेव्हा फाइल म्हणून काढून घेते.

या सगळ्याचा कणा गॅजेटब्रिज आहे. हे ॲप एफ-ड्रॉइडवरून, म्हणजे खुल्या कोडच्या ॲपांच्या भांडारातून, घ्यायचं. फुकट आहे, त्याचा कोड कोणीही वाचू शकतो, खातं उघडावं लागत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: या ॲपला इंटरनेटची परवानगीच नाही. माहिती पाठवणार नाही असं ते वचन देत नाही, त्याला पाठवताच येत नाही. माझा विश्वास इथे बसला. नोंदी फोनमध्ये एसक्यूलाइट प्रकारच्या एका डेटाबेस फाइलमध्ये साठतात. ठरावीक वेळाने ती फाइल आपोआप एका फोल्डरमध्ये निर्यात करायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी सुरू करा. फोन हरवला तर वर ढगात कुठेही प्रत नसते, तुम्ही ठेवली तरच असते. मी महिन्यातून एकदा केबल लावून फाइल लॅपटॉपवर घेते. फोनच्या बॅटरी वाचवायच्या सेटिंगमधून हे ॲप वगळा, नाहीतर पाठीमागे बंद पडून नोंदी उशिरा येतात.

जुन्या फिटबिटच्या नोंदी गॅजेटब्रिजमध्ये आत घालता येत नाहीत. म्हणून माझा जोडलेला आलेख वेगळ्या स्प्रेडशीटमध्ये आहे. सगळं एकाच पडद्यावर बघायची सवय असेल, तर हे खटकेल.

मराठी निरोपांची मला काळजी होती. घड्याळाच्या स्वतःच्या अक्षरांत देवनागरी नाही. पण गॅजेटब्रिजमध्ये एक पर्याय आहे, जो शब्द घड्याळाला लिहिता येत नाही त्याचं फोन चित्र करून पाठवतो. तो सुरू केला की जोडाक्षरांसकट मराठी नीट उमटतं. शेजारच्या काकूंनी पाहिलं तर म्हणाल्या, "काय वं, तुझ्या घड्याळात मराठीत येऊन राहिलं! माह्या पोराच्या महागड्या घड्याळात तर डबे डबे दिसतात." त्यांना कापडी पट्टाही फार आवडला.

काय नाही, तेही सांगते. रक्तातला ऑक्सिजन नाही, ईसीजी नाही. झोपेचा अंदाज हालचालीवरून येतो, त्याला अंदाजच समजा. ज्यांना हृदयाची लय बिघडण्याचा त्रास आहे, त्यांनी यावर विसंबू नये, डॉक्टर सांगतील ते यंत्र घ्यावं. छोटी ॲपं घड्याळात टाकायला फोनवर क्रोम ब्राउझर उघडून ब्लूटूथने जोडावं लागतं. एकदा केलं की झालं, पण घरातल्या ज्येष्ठांना पहिल्यांदा कोणीतरी बसून करून द्यावं. आयफोनवर गॅजेटब्रिज चालत नाही.

एवढी खटपट नको असेल तर दुसरा रस्ता आहे, आमच्या ह्यांच्यासाठी तोच निवडला. त्यांच्याकडे शाओमी कंपनीचा 'मी बँड' (Mi Band) हा पट्टा आधीपासूनच होता. गॅजेटब्रिज शेकड्याने वेगवेगळी घड्याळं ओळखतं, त्यात मी बँड, ॲमेझफिट आणि गार्मिनचीही कितीतरी मॉडेलं आहेत. म्हणजे नवीन काही विकत न घेताही कंपनीचं ॲप सोडता येतं. यात एक गाठ आहे. मी बँड 4 पासूनच्या पट्ट्यांना एक किल्ली, म्हणजे गुप्त कोड, लागते, 32 अक्षरांची. ती मिळवायला कंपनीच्या ॲपवर एकदा खातं काढून पट्टा जोडावाच लागतो, मग त्या खात्यातून किल्ली वाचून घ्यायची आणि गॅजेटब्रिजमध्ये भरायची. त्यानंतर कंपनीच्या ॲपमध्ये पट्टा 'काढून टाका' असं करायचं नाही, नुसतं ॲप फोनमधून काढायचं. पट्टा तिथून काढला किंवा फॅक्टरी रिसेट केला तर किल्ली बदलते आणि सगळं पहिल्यापासून. ह्यांची किल्ली मी कागदावर लिहून त्यांच्या शुगरच्या रिपोर्टांच्या फाइलमध्ये लावून ठेवली आहे.

जुनं खातं बंद करायचं काम सगळ्यात शेवटी. आधी झिप उघडून पाहिलेली हवी, दोन जागी प्रती हव्यात, नव्या-जुन्याची तुलना झालेली हवी, आणि एकदा तरी डॉक्टरांना नवा आलेख दाखवून झालेला हवा. मी तोपर्यंत थांबले, मग माहिती पुसण्याची विनंती दिली आणि ती पूर्ण झाल्याची खात्री करून घेतली. ज्या कोणाला विम्याच्या किंवा व्यायामाच्या ॲपला परवानगी दिलेली असेल, त्यांनी ती जोडणी खातं बंद करण्याआधी स्वतंत्रपणे तोडावी. मूळ खातं गेलं तरी पुढे गेलेली प्रत त्या दुसऱ्या कंपनीकडे राहते, ती पुसायची विनंती तिथे वेगळी द्यावी लागते. लॅबमधल्या त्या दोघींसोबत बसून आम्ही तेच केलं.